पोटात गेलेला काटा पुढे कुठे जातो?

मालवणी_माहेर

मंडळी, गेले अडीच महिने इथे फिरकले नाही, त्याला कारण बाबांचं आजारपण. आता ते घरी आहेत, काठी न घेता अंगणात फिरतायत, म्हणून आज सगळं लिहून काढते. लांबण लागेल, आधीच माफी.

बाबा ७१ वर्षांचे. मालवणपासून जरा आत आमचं गाव. शुगर नाही, बीपी नाही, अजून माडाच्या आळ्यांना स्वतः खत घालतात. श्रावण लागून आठ-दहा दिवस झाले असतील, संध्याकाळी अंगात कसकस सुरू झाली. मग थंडी वाजून ताप. पावसाळ्यात आमच्याकडे लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, काय हवं ते मिळतं, त्यामुळे आधी त्याच तपासण्या झाल्या. सगळ्या निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी मात्र २२ हजार. बरगड्या मिळतात त्याच्या खालच्या खळगीत डॉक्टरांनी बोट दाबलं की बाबा टाचा घासायचे. जेवण तुटलं. आईचं निदान पित्त, उपाय कोकमाचं पाणी.

सोनोग्राफीत यकृताच्या डाव्या भागात ६ सेंटिमीटरचं गळू निघालं. दारू घेता का, असं विचारलं. बाबा प्रामाणिक, म्हणाले गटारीला दोन पेग. झालं, अमीबाचं गळू असं ठरलं. सलाइनमधून औषधं, सोनोग्राफीत बघत सुई घालून नळी टाकली, पू काढला. दहा दिवसांनी घरी. नळी काढल्यानंतर अठराव्या दिवशी ताप परत, थंडी परत, आणि गळूही परत, जुन्याच जागी.

मग मी त्यांना पुण्याला घेऊन आले. इथल्या सर्जननी पहिल्याच दिवशी विचारलं, "आजोबा, मासे खाता का?" बाबांच्या आधी आई कडाडली, "छे हो, श्रावण होता ना!" आमच्या घरात त्या प्रश्नाचा दुसरा अर्थच होत नाही. दोन दिवसांनी सीटी स्कॅन झाला आणि तिथल्या डॉक्टरांनी वॉर्डात फोन केला: पेशंटला परत विचारा, पण श्रावणाच्या आधीचं विचारा. स्कॅनमध्ये जठराच्या भिंतीपासून सरळ यकृतात घुसलेली एक पांढरी रेघ होती. लांबी २.९ सेंटिमीटर.

तेव्हा आईला आठवलं. मेच्या शेवटी, बोटी बंद व्हायच्या आधी, करली आणली होती. बाबांच्या घशात काटा अडकला. सुक्या भाताचे दोन गोळे गिळले, काटा खाली गेला, बाबांनी उरलेली तुकडी संपवली आणि विषय मिटला. कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. यकृत आणि जठर एकमेकांना चिकटले होते ते सोडवलं, पू धुतला, काटा चिमट्याने ओढून काढला. पाचव्या दिवशी घरी सोडलं. काटा छोट्या बाटलीत घालून दिलाय. तो मी दिव्यासमोर धरून पाहिला. एका टोकाला जरासा बाक, रंग जुन्या हस्तिदंती फणीसारखा पिवळट. एवढासा तो.

आता माझे प्रश्न. घशातून खाली गेलेला काटा जठराची भिंत फोडून यकृतात जातो आणि मधले दोन महिने माणसाला काहीच होत नाही, हे कसं? आणि दुसरा प्रश्न बाबांचा आहे: करली परत खायची का? आईने घरात करलीबंदी जाहीर केली आहे. बाबा म्हणतात, ६० वर्षं खातोय, एका काट्यासाठी नातं तोडायचं?

---

उगाचच

बापरे. काट्याचा नायटा होतो हे शाळेत वाक्यप्रचार म्हणून लिहिलं होतं, इथे काट्याचं गळू झालं. बाबांना नमस्कार सांगा.

---

घासफूस

म्हणून म्हणतो शाकाहारी व्हा. ना काटा, ना कटकट.

---

पानसुपारी

@घासफूस, थांबा जरा. परवा एका लग्नात मसाला पान खाल्लं, त्याला टूथपिक टोचलेली. आमच्या लहानपणी पानाला लवंग टोचायचे. ती चावली तरी काही बिघडत नसे, उलट तोंडाला वास येई. आता काडी टोचतात आणि माणूस गप्पांच्या नादात अख्खा विडा तोंडात कोंबतो. पनीर टिक्का, क्लब सँडविच, सगळीकडे तीच काडी. शाकाहारच आहे हा सगळा.

---

चिरफाड

मी जनरल सर्जन, कोल्हापूरकडे. पेशंट मी पाहिलेला नाही, तेव्हा जे लिहितो ते सर्वसाधारण समजावं.

आधी धीर देतो. गिळलेल्या वस्तूंपैकी ८० ते ९० टक्के आपापल्या बाहेर पडतात. १० ते २० टक्क्यांना तोंडातून दुर्बीण घालून काढावं लागतं, आणि ऑपरेशनची वेळ जेमतेम एका टक्क्यावर येते. माशाचे काटे तर आपल्या किनारपट्टीवर रोज किती पोटांत जात असतील, त्याला गणती नाही.

पण जे अडकतात ते ठरलेल्या जागी. अन्नमार्ग म्हणजे सरळ नळ नव्हे. जठराचं खालचं तोंड, त्यापुढे इंग्रजी सी सारखा वळणारा ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं ती झडप, आणि शेवटी डाव्या बाजूचं नागमोडी आतडं. घाटातल्या बसची गंमत आठवा. छोटी गाडी वळते, लांब ट्रेलर अडकतो. साधारण ६ सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू ड्युओडेनमचं वळण घेत नाही, अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद वस्तू जठरातूनच पुढे सरकत नाही. काटा यापेक्षा छोटा असतो, पण त्याला टोक असतं. टोक भिंतीत रुतलं की आतड्याची प्रत्येक लाट त्याला आणखी आत ढकलते. आपण पेरिस्टाल्सिस म्हणतो ती लाट, अन्न पुढे नेणारी. तीच इथे हातोडीचं काम करते.

आता मधले दोन महिने शांतता का? अल्सर फुटतो तेव्हा जठरातलं आम्ल धाडकन पोटाच्या पोकळीत येतं, पोट फळीसारखं कडक होतं, माणूस हलत नाही. काटा तसा फोडत नाही, भोक पाडत सरकतो, आणि मागचं भोक जवळपास लगेच बुजतं. शिवाय आपल्या पोटात आतड्यांवर चरबीची एक झालर लोंबत असते. जुन्या ग्रंथांतली 'वपा' ती हीच, आम्ही ओमेंटम म्हणतो. रदरफोर्ड मॉरिसन नावाच्या ब्रिटिश सर्जनने तिला पोटातला पोलीस म्हटलं होतं. जिथे दंगा होतो तिथे ती जाऊन बसते, भोकाला चिकटते, पू पसरू देत नाही. म्हणून अशा केसमध्ये एक्स-रेवर छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली फुटलेल्या भोकातून आलेली हवा दिसेल अशी वाट बघण्यात अर्थ नसतो, ती बहुधा दिसतच नाही.

जठराच्या पुढच्या बाजूला लागून यकृताचा डावा भाग असतो. काटा तिकडून निघाला की थेट त्यात. बरोबर तोंडातले आणि आतड्यातले जंतू. अमीबाचं गळू बहुतेक वेळा उजव्या भागात होतं. डाव्या भागातलं एकटं गळू, त्यात पू तपासल्यावर स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस गटातले जंतू, आणि उपचार पूर्ण करूनही परत आलेलं, असं त्रिकूट जमलं की काटा, टूथपिक असं काही मनात यायलाच हवं. पायात मोडलेला काटा तसाच ठेवून वरून कितीही मलम लावा, पाय बरा होईल का? इथे पाय म्हणजे यकृत, एवढाच फरक.

पहिल्या डॉक्टरांना फार दोष देऊ नका. आपल्याकडे यकृताचं गळू म्हटलं की अमीबा आधी आठवणार, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघेल. पण गळू परत आलं तेव्हा सीटी व्हायला हवा होता हे खरं.

करलीबद्दल सर्जन म्हणून मत नाही. खवय्या म्हणून आहे, ते आईंसमोर सांगणार नाही.

---

क्ष_किरण

वर @चिरफाड यांनी छान लिहिलंय. रेडिओलॉजिस्ट म्हणून थोडी भर.

साध्या एक्स-रेवर माशाचा काटा सहसा दिसत नाही. लाकूड तर दिसतच नाही. काट्यासाठी सीटी, आणि तोही आधी काही न पाजता. तोंडाने पांढरं औषध पाजून स्कॅन केला तर त्या पांढऱ्या गर्दीत पांढरा काटा हरवतो. पातळ काप घ्यावे लागतात. जाड कापात तो एखाद्या ठिपक्याइतका दिसतो आणि रक्तवाहिनीतला चुन्याचा ठिपका म्हणून सोडून दिला जातो. पातळ काप घेऊन तिरप्या पातळीत फिरवला की अचानक ठिपक्याची रेघ होते. ते दिसतं त्या क्षणी खुर्चीतून उठायला होतं, खोटं कशाला सांगू.

तुमच्या बाबांच्या स्कॅनमध्ये कोणीतरी असंच खुर्चीतून उठलं असणार.

---

जुनी खोड

मी ७८ वर्षांची. काटा अडकला की सुका भात, नाहीतर केळं, हे माझ्या आजीपासून चालत आलंय. कितीतरी काटे गेले असे खाली. आता तुम्ही डॉक्टर लोक त्यालाही नाही म्हणणार?

---

चिरफाड

आजी, नाहीच म्हणणार. रागावू नका.

गोळ्याने काटा खाली गेला असं वाटतं, त्यातले बरेच काटे तसेही गेले असते. उरतात ते टॉन्सिलजवळ रुतलेले. त्यांना भाताचा गोळा आणखी आत ठोकतो, कधी अन्ननलिकेची भिंतच फाटते. अन्ननलिकेच्या शेजारी छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिथला पू पोटातल्या पुवापेक्षा वाईट. काटा टोचत राहिला, थुंकी गिळताना दुखतंय, तर कान-नाक-घसा वाल्यांकडे जायचं. ते आरसा आणि चिमटा घेऊन बहुतेक वेळा दोन मिनिटांत काढतात. टोकदार वस्तू अन्ननलिकेतच अडकली असेल तर दुर्बिणीने काढायला शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ६ तासांत, असा युरोपातल्या एंडोस्कोपीवाल्यांचा दंडक आहे. जठरात असेल तर २४ तासांत. एकदा ती त्याच्या पुढे आतड्यात गेली की दुर्बिणीच्या हातातून निसटते, मग आम्ही.

---

जुनी खोड

बरं. पण केळं तरी?

---

चिरफाड

केळं खायला हरकत नाही, आजी. काट्यासाठी नको, केळं म्हणून खा.

---

अवखळ_आई

विषय निघालाच आहे तर आमचंही सांगते. धाकटा साडेचार वर्षांचा. मोठ्याच्या वाढदिवसाला कोणीतरी ऑनलाइन मागवलेलं खेळणं दिलं, मुगाएवढ्या चकचकीत चुंबकाच्या गोळ्या, एकमेकींना चिकटवून आकार करायचे. धाकट्याने किती गिळल्या हे त्यालाही माहीत नव्हतं. दोन दिवस उलट्या, पोट दुखतं म्हणून गुडघे पोटाशी. बाहेरचं खाल्लं असेल म्हणून ओआरएस. एक्स-रेवर पाच गोळ्यांची एक माळ दिसली. मला हायसं वाटलं की सगळ्या एकत्र आहेत, म्हणजे एकत्र निघून जातील.

लहान मुलांच्या सर्जननी सांगितलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. त्या एका नळीत नव्हत्या. तीन गोळ्या आतड्याच्या एका वेढ्यात, दोन दुसऱ्या वेढ्यात, आणि मध्ये दोन्ही आतड्यांच्या भिंती चिमटीत धरलेल्या. एकच चुंबक गेला असता तर बहुधा निघून गेला असता. दोन झाले की ते एकमेकांना शोधतात. मध्ये सापडलेल्या भिंतीचा रक्तपुरवठा बंद होतो, ती कुजते आणि भोक पडतं. त्याला दोन भोकं पडली होती. पोट उघडून शिवलं, सुदैवाने आतडं कापावं लागलं नाही. सहा दिवस नाकात नळी. सहा दिवस त्याने पाणी मागितलं आणि मी ओठ ओले करत राहिले.

त्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या नाहीत. कचरा वेचणाऱ्या मुलांच्या हाती पडल्या तर? लोखंडी डब्यात घातल्या, डब्याला आतून चिकटून बसल्यात. माळ्यावर आहे डबा.

---

मालवणी_माहेर

@अवखळ_आई, वाचून पोटात कालवलं. आता कसा आहे?

---

अवखळ_आई

मस्त. व्रण दाखवून शाळेत भाव खातो. वाघाने ओरबाडलं असं सांगतो.

---

क्ष_किरण

घड्याळाचे, रिमोटचे, वजनकाट्याचे चपटे सेल याहून घाईचे असतात, हे इथे लिहून ठेवतो. विशेषतः २० मिलिमीटरचा लिथियमचा. अन्ननलिकेत अडकला की २ तासांतच भिंत भाजायला लागते. सेल फुटत नाही, काही गळतही नाही, ओल्या भिंतीला लागून वीज वाहते आणि त्या जागी अल्कली तयार होते. एक्स-रेवर तो नाण्यासारखाच गोल दिसतो, पण कडेला दुहेरी कडा दिसते. नाणं गिळलंय असं समजून घरी थांबू नका. मूल १ वर्षावरचं असेल, सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि ते गिळू शकत असेल तर दर १० मिनिटांनी २ छोटे चमचे मध देत हॉस्पिटल गाठायचं, असं आता सांगतात. मध हा उपचार नव्हे, वाटेतला आधार. मधासाठी दुकान शोधत थांबायचं नाही.

---

फिलीकर

मी फिलाडेल्फियाला राहतो. इथे म्यूटर म्युझियम आहे, तिथे शेव्हॅलियर जॅक्सन या डॉक्टरांचा संग्रह आहे. लोकांच्या घशातून, अन्ननलिकेतून, फुप्फुसातून त्यांनी काढलेल्या २,३७४ वस्तू. लाकडी कपाटाचे सपाट खण ओढायचे आणि बघायचं: सेफ्टी पिना, बटणं, नाणी, कवळ्यांचे तुकडे, हाडं, लहान मुलांची खेळणी. सगळं रांगेत, शिस्तीत. आमच्या आईला दाखवलं तर तिचं पहिलं वाक्य, "एवढ्या पिना? ह्या बायका पण तोंडात पिना धरून साडी नेसायच्या का?"

जॅक्सन १८६५ ते १९५८. माणूस नुसता वस्तू काढत बसला नाही. कपडे धुण्याच्या दाहक सोड्याच्या डब्यावर 'विष' असं छापलेलं नसे, मुलं ते गिळायची, अन्ननलिका भाजून बंद व्हायची. त्याने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९२७ साली अमेरिकेत तसा कायदा झाला.

---

चिरफाड

वा, जॅक्सन! त्यांचं एक सूत्र आम्हाला अजून शिकवतात: पुढे जाणारं टोक भोसकतं, मागून येणारं टोक नाही. उघडी सेफ्टी पीन टोक वर करून खाली चालली असेल तर ती गुमान जाते. पण ओढून वर काढायला गेलात की तेच टोक पुढचं होतं. म्हणून ती आधी जठरात ढकलून, उलटी फिरवून मग काढतात.

@फिलीकर, तुमच्या आईंचा प्रश्न अचूक आहे. साडी नेसताना पिना, शिवताना टाचण्या, चांभाराच्या आणि सुताराच्या ओठांत खिळे. ठसका लागला की आत. हात दोनच असतात, माणूस करणार काय.

---

तोक्योतली_तायडी

जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांत एक वेगळाच प्रकार दिसतो. गोळ्यांच्या चंदेरी पत्र्यातून एकेक गोळी कात्रीने कापून ठेवायची सवय, आणि घाईत गोळी पत्र्यासकट गिळली जाते. त्या चौकोनी तुकड्याचे कोपरे आतडं चिरतात. इथे याचे इतके प्रकार झाले की बऱ्याच पत्र्यांवर सुट्टी चौकोनी फोड करता येऊ नये म्हणून एकाच दिशेला फाडायच्या रेघा ठेवतात.

माझ्या सासूबाई पुण्यात नेमकं तेच करतात. सकाळ-दुपार-संध्याकाळच्या डब्यांत कापलेले तुकडे. परवा व्हिडिओ कॉलवर डबे उघडायला लावले. त्या म्हणाल्या, "तू जपानमधून माझ्या डब्यांत कशाला डोकावतेस?"

---

दातखीळ

दंतवैद्य. काढता-घालता येणाऱ्या एक-दोन दातांच्या छोट्या कवळ्या, तारेचा आकडा असलेल्या, ढिल्या झाल्या तरी लोक वर्षानुवर्षं वापरतात. रात्री काढत नाहीत. झोपेत किंवा घासाबरोबर गेली की आकड्यासकट जाते. आणि वरची पूर्ण कवळी घालणाऱ्यांना टाळूवर काहीच जाणवत नाही, कारण टाळू झाकलेला असतो. घासात काटा आहे हे जिभेला कळायच्या आत तो गेलेला असतो. @मालवणी_माहेर, बाबांना कवळी आहे का?

---

मालवणी_माहेर

आहे! वरची, चार वर्षांपासून. हे कोणीच विचारलं नव्हतं.

---

उगाचच

डॉक्टर, एक बाळबोध शंका. आतडं फुटून पू सगळीकडे पसरला तर नेमकं काय करतात? टीव्हीवर 'इमर्जन्सी ऑपरेशन' एवढंच दाखवतात आणि लाल दिवा.

---

चिरफाड

एक जुनी केस सांगतो, ओळख पटेल असं काही न देता. चाळिशीचा माणूस, उजव्या बाजूला खाली दुखणं, ताप, सगळी लक्षणं अपेंडिक्सची. रात्री घेतला. अपेंडिक्स निरोगी. पण पोटात पू. अशा वेळी सर्जनच्या पोटातही गोळा येतो, कारण आता शोध सुरू. छोटा छेद बंद करून मधोमध उभा छेद घेतला. उघडल्यावर आधी वास येतो, मग पिवळट पाणी, आणि आतड्यांवर दुधाच्या सायीसारखे पापुद्रे.

आतडं हातात घ्यायचं आणि झडपेपासून वर वीत वीत सरकवत तपासायचं, मच्छीमार जाळं तपासतो तसं. लहान आतडं सहा मीटरच्या आसपास असतं. कुठे चिकटलंय, कुठे लाल आहे. झडपेपासून फूटभर अंतरावर वपा एका जागी गच्च बसलेली. ती अलगद सोडवली तर खालून एक पांढरं टोक वर आलं. बोटाला टोचलं, ग्लोव्हला भोक पडलं. कोंबडीच्या हाडाची किरच.

मग भोकाच्या कडा खरवडून ताज्या करून शिवायचं. भिंत चांगली असेल तर एवढंच पुरतं. काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडतात. आणि पू जुना, पेशंट शॉकमध्ये म्हणजे रक्तदाब कोसळलेला, आतडं सुजलेलं असेल तर जोड टिकत नाही. तेव्हा आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावतात आणि काही महिन्यांनी परत जोडतात. पिशवी म्हटलं की नातेवाईक रडतात. मी त्यांना सांगतो, आज जोडून उद्या जोड सुटला तर रडायलाही वेळ मिळणार नाही. त्यानंतर कोमट सलाइनने धुणं, पाणी नितळ येईपर्यंत. पडद्याखाली, यकृताच्या मागे, ओटीपोटाच्या तळाशी, जिथे जिथे पू दडून बसतो तिथे. नळ्या ठेवून बंद.

हे सगळं करून अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं आयसीयूत: अँटिबायोटिक्स, सलाइन, लघवी तासाला किती होते ते बघणं. त्या माणसाला आम्ही काटा-हाड काही गिळल्याचं आठवतं का विचारलं. तो म्हणाला, "साहेब, ढाब्यावर अंधारात खाल्लेलं कोणाला आठवतं?"

---

पानसुपारी

अमेरिकेतला एक नामवंत कथालेखक १९४१ साली पनामात असाच गेला. बहुधा कॉकटेलमधल्या ऑलिव्हला टोचलेली काडी पोटात गेली आणि आतडं फुटून पोटभर पू. शवविच्छेदनात काडी सापडली. पेनिसिलिन बाजारात यायच्या आधीची गोष्ट.

माझं लवंगेचं म्हणणं परत एकदा नोंदवून ठेवतो.

---

घासफूस

+१ लवंगेला. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. काल रात्री फ्रिजवरचे चुंबक पण मोजले.

---

मालवणी_माहेर

सगळ्यांचे आभार. आता एक नवीन बातमी.

बाबांना गेल्या आठवड्यात गावी सोडलं. पहिल्याच सकाळी पाटी घेऊन आमची नेहमीची मासेवाली मावशी आली. बाबांनी कौतुकाने बाटली आणून दाखवली: ही बघ तुझ्या करलीची करामत. तिने बाटली उन्हात धरली, फिरवली, झाकण उघडून काटा तळहातावर घेतला आणि नखाने वाजवून पाहिला.

"ह्यो करलीचो नाय," ती म्हणाली. "करलीचो काटो केसासारखो. ह्यो तांबोशाचो."

आम्ही सगळे गप्प. मग आई हळूच म्हणाली, गटारीला खाडीतला तांबोसा केला होता. डोक्याचं तिखलं. मोठ्या बोटी बंद असतात म्हणून खाडीचं मिळालं ते. बाबांनी डोकं चोखून चोखून खाल्लं होतं. दोन पेग झालेले, दिवे गेलेले, वर कवळी. घशात काही अडकल्याचं त्यांना आठवतच नाही. म्हणजे करलीचा काटा मेमध्येच गेला असेल निघून, आणि आम्ही तिच्या नावाने बोटं मोडत बसलो.

---

चिरफाड

न्यायालयात टिकणारा पुरावा नाही, पण मावशींच्या निदानाला माझा पाठिंबा. करलीचे काटे इतके बारीक असतात की भिंत फोडून यकृतापर्यंत सरळ राहणं अवघड. २.९ सेंटिमीटरचा, बाक असलेला, नखाने वाजणारा काटा जाड हाडाच्या माशाचाच वाटतो. आणि गटारी धरली तर ताप यायला दहाएक दिवस लागले, दोन महिने नव्हेत. तेही बसतं.

---

जुनी खोड

म्हणजे भाताच्या गोळ्याचा काही दोष नव्हता.

---

चिरफाड

आजी 😄 या केसपुरता निर्दोष.

---

मालवणी_माहेर

करलीबंदी उठली. तांबोशावर अजून निर्णय नाही. आईने सध्या फक्त डोक्याला मनाई केली आहे, आणि जेवताना वीज गेली तर ताट बाजूला ठेवायचं असं ठरलंय. मावशी उद्या करली आणणार आहे. तुकड्या तीच पाडून देणार, तिरक्या, बारीक. बाबांनी सकाळपासून दोनदा विचारलंय की उद्या कोणता वार.